पापणीखालची सावली

या रविवारी अमेरिकेतली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली. सोमवारी ऑफिसमधून बाहेर पडले तेव्हा जेमतेम साडेपाच वाजले होते आणि पार्किंगमधल्या गाड्या नुसत्या आकारावरून ओळखाव्या लागत होत्या. मंगळवारी घरून काम होतं. चारच्या सुमारास चहा करायला उठले, तर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आडवं आत आलेलं. ओट्यावरच्या मिठाच्या बरणीला, उपड्या घातलेल्या कपाला, एका कांद्यालासुद्धा लांबच लांब सावली पडली होती. मी गॅस बंद केला आणि नुसतीच उभी राहिले.

इथे दक्षिणेकडे, कॅरीत, नोव्हेंबर सौम्य असतो. पाइनची झाडं हिरवीच राहतात, स्वेटर कपाटातच असतात. पण या उजेडाला गाव नसतं. चार वर्षांपूर्वी तो शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एका स्वयंपाकघरात आला होता, तसाच इथे येतो. परीक्षेच्या दिवसांचा वास जसा शाळा सोडून कितीही वर्षं झाली तरी मार्चमध्ये येतोच, तसा. दर वर्षी वाटतं, यंदा काही होणार नाही. दर वर्षी चहा राहून जातो.

त्या वर्षी मी शिकागोत एमएस करत होते. विषय इमेज प्रोसेसिंग, म्हणजे कॉम्प्युटरला चित्रं वाचायला आणि सुधारायला शिकवणं. राहायला होते नेपरव्हिलला, शुभाकाकू आणि अरविंदकाकांच्या घरी. काकू माझ्या आईची पुण्याच्या कॉलेजातली मैत्रीण. काका नागपूरचे. त्यांची मुलगी नेहा टेक्ससला, अर्विंगमध्ये नोकरी करायची, म्हणून तिची वरच्या मजल्यावरची खोली मला मिळाली होती. रोज सकाळी काका मला गाडीने स्टेशनवर सोडायचे. सात मिनिटांचा रस्ता. पहिले दोन महिने त्या सात मिनिटांत मी ‘थँक्यू काका’ सोडून काही बोलल्याचं आठवत नाही.

“बाप्पा, इतकी कमी बोलणारी पोरगी मी पाह्यली नाही,” एकदा ते म्हणाले. “आमच्या नागपुरात तुला मुकी समजून लोकांनी बसमध्ये सीट दिली असती.”

मी हसले. म्हणजे ओठ हलवले.

सेमेस्टरचे क्रेडिट भरायचे म्हणून मी इटालियन रेनेसाँसमधल्या धार्मिक चित्रांचा एक कोर्स घेतला होता. त्याची वेळ माझ्या ट्रेनला सोयीची होती, एवढंच कारण. प्रोफेसरबाईंची मुख्य असाइनमेंट एकच होती: म्युझियममधलं एक चित्र निवडा आणि त्याच्यासमोर तीन तास बसा. फोन बॅगेत. काही दिवसांनी पुन्हा जा, पुन्हा तेवढंच बसा. शेवटी काय दिसलं ते लिहा.

मी निवडलेलं चित्र लहानसं होतं. हातात पुस्तक घेतलेला एक म्हातारा संत, कमरेपर्यंत. चित्रकाराचं नाव ठाऊक नाही असं शेजारच्या पाटीवर लिहिलेलं. समोरचा बाक रिकामा होता आणि गर्दी नव्हती, म्हणून मी ते निवडलं.

पहिला तास काहीच घडलं नाही. दुसऱ्या तासात मला त्याची मान दिसली. चेहरा आणि हात उन्हाने रापलेले, विटेच्या रंगाचे. पण झग्याचा गळा जिथे जरा खाली सरकला होता, तिथली कातडी पांढुरकी, मऊ, कधी ऊन न पाहिलेली. शेतावर किंवा बोटीवर राबणाऱ्या एखाद्या माणसाला चित्रकाराने रस्त्यावरून बोलावून, अंगात झगा चढवून खिडकीशी बसवलं होतं. मग मला नखं दिसली. पुस्तकाच्या कडेवर टेकलेल्या बोटांची नखं. त्यांत मळ होता.

एका चित्राने मला इतकं हादरवावं हे मला पटत नव्हतं. कुणाच्या घरात बेल न वाजवता शिरावं आणि तिथला माणूस बनियनवर बसलेला असावा, तसं काहीतरी वाटलं. मी नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेच्या चॅपलमध्ये गुलाबी गालांचा येशू होता, घरी कॅलेंडरवर गुलाबी गालांचा कृष्ण. उजेड दोघांच्याही डोक्यामागून यायचा आणि दोघांच्याही अंगावर सावली नसायची. देवाला सावली नसते हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मी ते बघूनच शिकले होते. इथे उजेड एकाच बाजूने, डावीकडून येत होता. ज्या गालावर पडला होता त्याची प्रत्येक सुरकुती दाखवत होता, आणि दुसरा गाल त्याने अंधारात सोडून दिला होता. या माणसाला चर्चमध्ये लावलं होतं. लोकांनी त्याच्यासमोर गुडघे टेकले असतील. मळलेल्या नखांसमोर.

पुढच्या क्लासला येताना ओळखीच्या एका चेहऱ्याचा, खिडकीच्या उजेडात, दिवा न लावता काढलेला फोटो आणायचा होता. अमेरिकेत माझ्या ओळखीचे चेहरे तीन, त्यातला एक माझाच.

घड्याळं मागे गेल्यानंतरचा तो पहिला सोमवार. काका घरूनच काम करायचे. चार वाजता लॅपटॉप मिटून ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी काकूंच्या चटणीसाठी लसूण सोलत बसले होते. ऊन थेट टेबलावर येत होतं.

“काका, एक फोटो काढू? क्लाससाठी.”

“काढ. पण लसूण थांबणार नाही. शुभाची डेडलाइन आहे.”

त्यांनी सवयीने उजवा गाल माझ्याकडे केला. खिडकी दुसऱ्या बाजूला होती.

“काका, तिकडून. उजेड तिकडे आहे.”

त्यांचा हात थांबला. “ती बाजू म्हणजे डिफेक्टिव्ह पीस आहे,” ते म्हणाले. मग स्वतःशीच हसले आणि वळले.

डावी पापणी थोडी उतरलेली होती, डोळा उजव्यापेक्षा बारीक. दोन महिने त्यांच्या शेजारी गाडीत बसून मला हे दिसलं नव्हतं, कारण गाडीत त्यांचा उजवा गालच माझ्याकडे असायचा. उन्हात त्या पापणीखाली एक छोटीशी, मऊ सावली पडली होती. कपाळावर टोपीची रेघ होती, तिच्या वरती गोरा पट्टा, खाली उन्हाळाभर टोमॅटोच्या वाफ्यात राबलेला काळसर चेहरा. बोटांना लसणाची सालं चिकटलेली. मी एकच फोटो काढला.

त्यांनी माझ्या हातातून फोन घेऊन बघितला. बराच वेळ बघितला.

“बापरे. सगळंच दिसतंय की,” ते म्हणाले. “कोणाला दाखवू नको हा. काढून टाक.”

“हो काका.”

मी तो क्लासला नेला नाही. जमलं नाही असं सांगितलं आणि मार्क घालवले. पण काढूनही टाकला नाही.

दहा दिवसांनी, मला स्टेशनवर सोडून घरी परतल्यावर, ड्राइव्हवेवरची पानं गोळा करताना काका गेले. दुपारी काकूंचा मेसेज बघितला. ‘स्टेशनवरून टॅक्सी करून ये.’ एवढाच. मला वाटलं गाडी बिघडली असेल. घराच्या दारात बुटांचे नऊ जोड होते. ते मोजत मी किती वेळ बाहेर उभी होते कोण जाणे. आत सगळे काहीतरी बोलत होते, एकमेकांना जवळ घेत होते. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला मराठीत येत नव्हतं आणि इंग्रजीत ते फार गुळगुळीत वाटत होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन कप विसळले. आधीच विसळलेले कप.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला हाक मारली. त्यांच्या फोनवर काकांचा एक फोटो होता, तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमातला. नेहरू शर्ट, मान किंचित वळवलेली, हसरे.

“ऋजू, तू फोटोंचंच शिकतेस ना? हा जरा नीट करून दे. फ्रेम करायचाय.”

मला इतकं हायसं वाटलं की त्याची आजही लाज वाटते. शेवटी कुणीतरी मला येणारी गोष्ट मागितली होती. मी दुपारभर बसले. मागची गर्दी काढून निळं आकाश टाकलं. टोपीची रेघ पुसली, चेहऱ्याचा रंग एकसारखा केला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मानेवरच्या घड्या, गालावरचा तीळ, सगळं नाहीसं केलं. आणि डावा डोळा. मान वळवल्यामुळे तो अर्धा अंधारातच होता, त्यातून बारीक. मी उजवा डोळा उचलला, उलटा केला आणि डावीकडे बसवला. इतका बेमालूम बसला की मला माझंच कौतुक वाटलं. शेवटी चेहऱ्यामागे थोडासा उजेड घातला.

फ्रेम हॉलमध्ये टेबलावर ठेवली. मंडळातल्या सुलभामावशी रोज डबा घेऊन यायच्या, त्यांनी बघताच हात जोडले. “काय तेज आहे गं चेहऱ्यावर. अगदी देवासारखे दिसतायत.”

“ही लुक्स सो पीसफुल,” टेक्ससहून आलेली नेहा म्हणाली आणि तिने मला मिठी मारली. मी मिठी मारणारी मुलगी नाही, पण त्या वेळी उभी राहिले.

काकू म्हणाल्या, “छान आहे.” आणि त्यांनी निरांजन लावलं.

काका गेल्यानंतर आठव्या दिवशी मला म्युझियममध्ये जावं लागलं. फायनल्स तोंडावर होत्या आणि चित्रासमोरची शेवटची बैठक राहिली होती. मी बाकावर बसले आणि नेमके त्या म्हाताऱ्याचे डोळेच आधी दिसले. दोन्ही बुबुळांत उजेडाचा एकेक पांढरा ठिपका होता, आणि दोन्हींत तो डावीकडेच होता. साहजिक आहे, खिडकी एकच होती. फ्रेममधल्या काकांच्या एका डोळ्यात उजेड उजवीकडून येत होता आणि दुसऱ्यात डावीकडून. असा उजेड जगातल्या कुठल्याच खोलीत पडत नाही.

लहानपणी ऐकलेली एका राजकन्येची गोष्ट आठवली. स्वयंवरात तिला हव्या असलेल्या राजाचंच रूप घेऊन चार देव शेजारी बसलेले, पाचही जण हुबेहूब सारखे. तिने आपला माणूस ओळखला तो सावलीवरून. त्याला घाम आला होता, त्याच्या गळ्यातली फुलं कोमेजली होती आणि त्याच्या पापण्या लवत होत्या. देवांच्या पापण्या लवत नाहीत.

“तू नखांसाठी येतेस ना?”

गणवेशातली गार्ड होती, उंच, वयस्कर बाई. तिला माझा चेहरा लक्षात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी मान हलवली.

“ती पूर्वी नव्हती,” ती म्हणाली. “म्हणजे होती, पण कुणीतरी वरून रंग मारला होता. संताची बोटं स्वच्छ हवीत म्हणून. इथे आणून साफ करायला घेतलं तेव्हा खालून निघाली.” ती थोडी वाकली. “माझे आजोबा शेतावर राबायचे. ही नखं मला ठाऊक आहेत. ज्याने झाकली त्याला त्यांनी दारात उभं केलं नसतं.”

मी त्या दिवशी तीन तास पुरे केले नाहीत.

घरी आले तर नेहा फोनवर होती आणि काकू स्वयंपाकघरात एकट्याच बसल्या होत्या. समोर अल्बमचा ढीग. मी वर जायला निघाले तर म्हणाल्या, “बस जरा. एक सांगू? वाईट नाही ना वाटून घेणार?”

“नाही काकू.”

“त्या फोटोशी मला बोलता येत नाही गं.”

मी बसले.

“सकाळी दिवा लावते, उभी राहते, आणि तोंडातून शब्द फुटत नाही. परक्या पुरुषासमोर उभं राहिल्यासारखं होतं. तीस वर्षं मी या माणसाशी दिवसभर बोलतेय. ते ऐकायचे नाहीत, ते सोड. पण मी बोलायचे. आता तेरावा झाला की नेहा जाईल. तू कॉलेजला जाशील. मग घरात मी कुणाशी बोलू?”

“मूळचा फोटो आहे माझ्याकडे,” मी कसंबसं म्हणाले. “तो लावू.”

“त्यातही लपवतायत. हे बघ.” त्यांनी अल्बम माझ्याकडे सरकवला. पान उलटलं, अजून एक उलटलं. तळ्याकाठी, बर्फात, नेहाच्या ग्रॅज्युएशनला. सगळीकडे उजवा गाल. “नेहा दोन महिन्यांची होती. इथला पहिला हिवाळा. एका सकाळी उठले तर यांचा अर्धा चेहरा लुळा. डोळा मिटेना. झोपताना मी बोटाने ती पापणी मिटवायचे आणि वर चिकटपट्टी लावायचे. सकाळी कोमट पाण्याने सोडवायचे. चार महिने. एका हातात ही, दुसऱ्या हाताने तो डोळा. हसू परत आलं, पापणी काही पूर्ण आली नाही. तेव्हापासून कॅमेरा दिसला की मान वळलीच.” त्यांनी अल्बम मिटला. “सगळे बघून झाले. माझा नवरा एकाही फोटोत नाही.”

मी ज्याला चूक समजून पुसलं होतं, त्यावर चार महिने रोज एका बाईचं बोट फिरलं होतं. आणि माझ्या खिशात फोन होता.

हे लिहायला मला आवडत नाही, पण मी उठून वर गेले. ‘काढून टाक’ असं मला सांगणारा माणूस आता शब्द परत घेऊ शकत नव्हता. त्यांनी आयुष्यभर जे झाकलं ते मी कोण उघडणार? आणि मी आधीच एकदा त्यांच्या चेहऱ्याला हात घातला होता, तोही न विचारता.

पुढचे दोन दिवस मी तो फोटो उघडून बघत राहिले. त्यात ते वळले होते. कुणी जबरदस्ती केली नव्हती. क्षणभर थांबून, हसून, स्वतः वळले होते. अकराव्या दिवशी सकाळी मी काकूंसमोर फोन ठेवला.

“काकांनी काढून टाकायला सांगितलं होतं.”

काकूंनी चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, पापणीपर्यंत नेला, आणि तिथेच थांबल्या. त्या रडतील म्हणून मी तयार होते.

“किती जाड सोललाय लसूण,” त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून, “त्यांनी मलाही आयुष्यभर पुष्कळ सांगितलं. सगळं कुठे ऐकलं? प्रिंट आण.”

औषधांच्या दुकानातल्या फोटोच्या मशीनने पहिली प्रिंट काढली ती आपणहून उजळ करून. सावली गेलेली. काउंटरवरचा माणूस म्हणाला की मूळ फोटो फारच डार्क आहे, हेच बरं दिसतं. मी दुकानात कधी दुसरी पिशवीसुद्धा मागितलेली नाही. त्याला म्हटलं, “मला डार्कच हवा आहे. पुन्हा काढा.” माझा आवाज इतका मोठा निघाला की मागच्या रांगेतल्या बाईने वर बघितलं.

तेराव्याला वीसेक माणसं होती. पुण्याचे गुरुजी लॅपटॉपच्या स्क्रीनवर, लॅपटॉप पाटावर. काकूंनी फ्रेम उचलली, उलटी केली आणि लोण्याच्या सुरीने मागचे खिळे वाकवू लागल्या.

“आई, व्हॉट आर यू डूइंग?” नेहा म्हणाली. नवा फोटो बघून तिचा आवाज खाली आला. “आई, नो. हाफ हिज फेस इज डार्क. लोक काय म्हणतील?”

लोकांनी लगेच म्हटलंही. “अगं, मोठा दिवा लावून घ्यायचा ना फोटो,” सुलभामावशी मला म्हणाल्या. “आधीचा कित्ती तेजस्वी होता.”

सगळे माझ्याकडे बघत होते. हे मला सगळ्यात नको असतं.

“दिवा लावला असता तर काका वळले नसते, मावशी,” मी म्हणाले. “ते एकदाच वळले.”

नेहाने फोटो हातात घेतला. ती त्या डोळ्याकडे बघत राहिली, मग तिने तो आईकडे दिला आणि सुरी स्वतः धरली.

फ्रेम पुन्हा टेबलावर गेली. गुरुजी नमस्कार करा म्हणाले, स्क्रीनवरून, थोड्या उशिराने पोचणाऱ्या आवाजात. खोलीतल्या सगळ्यांचे हात जोडले गेले. काकूंचे नाही. त्या फोटोच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या, एक हात कमरेवर.

“अहो,” त्या म्हणाल्या, रोजच्या, जराशा वैतागलेल्या आवाजात, “तुमच्या फोनचा पासवर्ड काय आहे? तेरा दिवस पोरगी डोकं फोडतेय.”

आणि त्या उत्तरासाठी थांबल्या.